नसलेल्या सावल्या

"हसू नका," हे त्याचं तिच्या लक्षात राहिलेलं पहिलं वाक्य. प्रेमकथेची सुरुवात अशी करू नये हे आम्हालाही कळतं, पण घडलं ते असं, त्याला इलाज नाही.

ती कॅमेऱ्यांविषयीच्या एका मासिकात प्रूफं तपासायला नुकतीच लागली होती. तिसऱ्या मजल्यावर कचेरी, तळमजल्यावर छापखाना. एका शब्दाबद्दल शंका होती म्हणून कागद हातात घेऊन ती कोपऱ्यातल्या खोलीत डोकावली, तर आत एक उंच, किडकिडीत माणूस रिकाम्या खुर्चीकडे हताशपणे बघत उभा होता. बाहेर मळभ दाटलेलं, खिडकीच्या काचेवर भुरभुर पाऊस. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलात? बरं झालं. बसा."

"मी... म्हणजे मला या शब्दातली वेलांटी—"

"वेलांटी कुठे पळून जात नाही. उजेड जातोय. हा स्वेटर घाला, केस मागे घ्या आणि समोर बघा. नाही, नाही... हसू नका!"

ती हसत नव्हतीच. पण असं सांगितल्यावर कुणाला हसू येणार नाही? गालाचा आतला भाग दातांखाली धरून ती कशीबशी बसली. खट्, खट्, खट्. तीन फोटो झाले आणि तो मान खाली घालून कामाला लागला. खोलीत आपण एकटेच आहोत अशी त्याची खात्री झालेली दिसली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. वेलांटी पहिली."

ती शंका त्याने सोडवली, पण तिचं नाव मात्र तेव्हापासून कचेरीत वेलांटीच पडलं. त्याचं नाव आधीच पडलेलं होतं... चिकित्सक. दर महिन्याला एक नवा कॅमेरा त्याच्याकडे यायचा, दहा दिवस तो त्याची हाडं न् हाडं तपासायचा आणि मग त्याचे गुण आणि दोष लिहायचा. ही सवय कॅमेऱ्यांपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण हा बाबा चहाचेही गुणदोष सांगायचा, खुर्चीचेही, आणि एकदा तर संपादकांच्या निवृत्तीच्या भाषणाचे सांगून बसला होता. त्यानंतर संपादकांनी निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलली, ती त्याच रागापायी असं लोक म्हणत.

त्या खुर्चीची भानगड अशी होती. कॅशियरची भाची पूर्वी दर महिन्याला फोटोसाठी येऊन बसायची. ती लग्न होऊन गावाला गेली आणि जागा रिकामी झाली. चिकित्सकाला रोज नवा चेहरा चालत नसे. प्रत्येक कॅमेऱ्याने हुबेहूब तोच फोटो काढायचा हा त्याचा नेम. खुर्ची तीच, खिडकी तीच, खुंटीवरचा राखी स्वेटर तोच, वेळ सकाळी अकराची, आणि आभाळ भरलेलं. ऊन असलं तर तो सरळ दिवस पुढे ढकलायचा.

"खुर्ची बदलत नाही, उजेड बदलत नाही, चेहरा बदलत नाही," त्याने तिला एकदा समजावलं होतं. "मग दोन फोटोंत जो फरक दिसेल, तो कुणाचा?"

"कुणाचा?"

"कॅमेऱ्याचा! आलं लक्षात?"

आलं की. तिच्या बऱ्याच गोष्टी लक्षात आल्या. कॅमेरा डोळ्याला लावला की त्याचा खालचा ओठ किंचित पुढे येतो, हे आलं. पावसात चालत आला की त्याच्या चष्म्यावर थेंब असतात आणि पुसायचे तो विसरतो, हेही आलं. एकदा तिची एक बट गालावर आली होती. तो जवळ आला, पेन्सिलीच्या टोकाने ती बट अलगद उचलून त्याने तिच्या कानामागे सारली.

"मागच्या महिन्यात कानामागे होती," तो म्हणाला.

त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. तिच्या डोक्यात मात्र दिवसभर ती पेन्सिल राहिली. पुढच्या महिन्यात तिने ती बट मुद्दाम सोडली. त्याच्या पुढच्याही महिन्यात सोडली. पेन्सिल दर वेळी आली.

चार वर्षं झाली. सत्तेचाळीस कॅमेरे झाले. एखादा माणूस महिन्यातून एकदा आपल्याकडे इतकं निरखून बघतो आणि आपण त्याला दिसत नाही, हे दुःख ज्याचं त्याला माहीत. ती त्याच्यावर प्रेम करत होती, यात तिला स्वतःला काही शंका नव्हती. प्रूफं तपासणाऱ्या माणसाला शंका असली की तो समासात लिहून मोकळा होतो.

एकदा तिने विचारून पाहिलं होतं. "चिकित्सकमहाराज, सगळ्या जगाचे गुणदोष सांगता. माझे सांगा ना."

तो खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "तुमचे कसे सांगणार? तुम्ही नमुना आहात. नमुन्याला गुणदोष नसतात."

"नमुना तर तुम्ही आहात," ती म्हणाली आणि शेजारच्या टेबलावर पानं लावणारा मांडणीवाला चहा सांडेपर्यंत हसला. ती घरी जाऊन रडली, ते कुणाला कळलं नाही.

आणि आता हे वर्ष. तीन महिन्यांपूर्वी तिच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात ती आणि बाबाच. बाबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. डोळ्याला भिंग लावून केसाएवढं चाक चिमटीत धरणारा तो हात आता मांडीवर नुसता पडून असायचा. सकाळी त्यांचं सगळं आवरून, शेजारच्या मावशींना बसवून ती कामाला यायची आणि संध्याकाळी धावत जायची. झोप तुकड्यातुकड्यांनी. कचेरीत तिने कुणाला काही सांगितलं नाही. नातेवाइकांना माहीत होतं, ते फोन करायचे आणि विचारायचे, बाबा कसे आहेत? ती सांगायची, आहेत तसेच.

शेवटी दादाने निर्णय घेतला. तो दुसऱ्या शहरात, सहा तासांच्या अंतरावर. घर मोठं, वहिनी मायेची. "तू आणि बाबा, दोघंही इकडे या," तो म्हणाला. "एकटीने मरशील तिथे." त्याचं चुकत नव्हतं. तिने राजीनामा दिला, महिनाअखेरचा. संपादकांना म्हणाली, "इतक्यात कुणाला सांगू नका."

कुणाला म्हणजे कुणाला, ते संपादकांना कळलं नाही. तिला भीती एकाच गोष्टीची होती. आपण जातोय हे ऐकून तो पेन्सिल कानावर ठेवेल आणि म्हणेल, मग नवा नमुना शोधावा लागेल. ते वाक्य ऐकून या शहरातून जायचं तिच्याच्याने होणार नव्हतं. त्यापेक्षा न सांगता जाणं बरं.

अशात अठ्ठेचाळिसावा कॅमेरा आला.

दिसायला जुन्या काळचा. वरच्या अंगाला चंदेरी पत्रा, खाली काळं चामड्यासारखं आवरण, आणि माथ्यावर आकडे कोरलेल्या तीन चकत्या. पण पोटात सगळं आजचं, आतला आरसा काढून टाकलेलं मिररलेस डिजिटल. चिकित्सक त्याच्याभोवती दोन दिवस नुसताच घिरट्या घालत होता.

"काय देखणा आहे ना?" ती दारातून म्हणाली.

"तोच त्याचा पहिला दोष. देखण्या वस्तूचे दोष माणसाला दिसत नाहीत. हे बघा, धरायला उंचवटा नाही, दहा मिनिटांत बोटं दुखतात. बॅटरी खादाड. पळणारं पोर टिपायचं म्हटलं तर पोर शाळा सुटून घरी पोहोचतं, हा अजून फोकस शोधतोय. पण—" त्याचा आवाज एकदम मऊ झाला, "—बंद असला तरी आकडे दिसतात. वेग किती, उजेड किती, सगळं माथ्यावर. मेन्यूत शिरायला नको. आणि आवाज बंद केला की फोटो काढल्याचं समोरच्याला कळतही नाही. आणि रंग... रंग फार खरे देतो असं पहिल्या दिवशी वाटलं. बघू."

त्याचा आणखी एक नेम होता. दर कॅमेरा एका संध्याकाळपुरता अडाणी माणसाच्या हाती द्यायचा, आणि त्याचं मत चिठ्ठीवर मागायचं. अडाणी माणूस म्हणजे अर्थात वेलांटी.

त्या संध्याकाळी तिने तो घरी नेला. बाबांच्या मांडीवर ठेवला, नुसता दाखवायला. बाबा बराच वेळ बघत राहिले. घड्याळजीची नजर, चकतीच्या कडेच्या खाचांवर खिळलेली. मग त्यांचा उजवा हात, ज्या हातात व्यायामाचा रबरी चेंडू दिला की ते डाव्या हाताने भिरकावून द्यायचे, तो हात थरथरला. अंगठा सरकत सरकत चकतीपाशी आला. टिक्. एक खाच फिरली.

तिने श्वास रोखला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. टिक्. आणखी एक.

दीड तास ते तेच करत होते. घामाघूम झाले, पण कॅमेरा सोडेनात. शेवटी पडद्यावर लाल खूण आली आणि कॅमेरा मिटला. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली, आणि नंतर वरण करपलं. इतक्या आनंदात करपलेलं वरण तिने कधी खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर तिने लिहिलं : चकत्या छान आहेत. घरी फार आवडल्या. बॅटरी एकाच संध्याकाळी संपली.

"किती फोटो काढलेत?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग बॅटरी संपली कशी?"

"नुसत्या चकत्या फिरवल्या."

त्याने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. सांगावं का? बाबांचा अंगठा हलला, हे तिला जगात कुणालातरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगावंसं वाटत होतं तो समोर उभा होता. तिने तोंड उघडलंही. पण तो वहीत लिहीत होता, पुटपुटत : "अननुभवी माणूस... चकत्यांशी... खेळत बसतो. बॅटरीचा अपव्यय." ती आपल्या टेबलाकडे वळली.

अकरा वाजता नेहमीचा फोटो झाला. बाहेर मळभ होतं, तेवढं आभाळाने पाळलं. तिने स्वेटर घातला. बट सोडायची तिला आठवणही राहिली नाही, आणि पेन्सिल आली नाही. या कॅमेऱ्याचा खट् असा आवाजही झाला नाही. किती फोटो झाले, कधी झाले, तिला कळलंच नाही. हा आपला शेवटचा फोटो, एवढंच ती मनात म्हणत होती. तो मात्र व्ह्यूफाइंडरमधून बघताना कपाळाला आठ्या घालत होता. एकदा त्याने कॅमेरा खाली घेऊन चकत्या तपासल्या. पुन्हा बघितलं. पुन्हा आठ्या.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं काही नाही," तो म्हणाला. "कॅमेरा."

आठवड्याने लेखाचं प्रूफ तिच्या टेबलावर आलं. पाच वाजता पान छापखान्यात जायचं होतं. ती लाल पेन घेऊन बसली. गुण व्यवस्थित होते, एक अनुस्वार तेवढा सुटला होता. मग दोष. बॅटरी. पकड. तिसऱ्या क्रमांकावर ते चकत्यांशी खेळणं. आणि चौथा :

'माणसाचा चेहरा हा कॅमेरा खरा दाखवत नाही. आमचा नेहमीचा नमुना-चेहरा यात फिका, राखाडी उतरला. गाल बसल्यासारखे वाटतात आणि डोळ्यांखाली नसलेल्या सावल्या दिसतात. माणसांच्या फोटोंसाठी यावर विसंबू नये.'

तिने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पर्समधला छोटा आरसा काढला. कचेरीच्या पांढऱ्या उजेडात तिला स्वतःचा चेहरा दिसला. फिका, राखाडी. गाल बसलेले. आणि सावल्या.

बिचारा कॅमेरा! इतका खरा फोटो तिचा कुणी काढला नव्हता, आणि त्याचीच त्याला शिक्षा. माणसाच्या न बदलण्यावर इतका विश्वास तरी कसा ठेवावा, की चेहरा बदलला तर यंत्रच बिघडलं म्हणायचं? तिला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. चार वर्षं बघून बघून त्याने एवढंच पाहिलं. फरक त्याला दिसला होता. पुसट नव्हे, चांगला ठळक. फक्त तो तिचा असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

प्रूफ तपासणाऱ्याने मजकुराला हात लावायचा नसतो. शंका असली तर समासात प्रश्न लिहून लेखकाकडे धाडायचा. तिने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. गप्प बसली तर चुकीचं छापून येणार होतं, आणि चुकीचं तिने चार वर्षांत एकदाही छापू दिलं नव्हतं. 'नसलेल्या' या शब्दाभोवती तिने लाल वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं : सावल्या आहेत. कॅमेरा खरा आहे. कृपया चेहरा तपासावा.

मांडणीवाल्याच्या हाती तिने कागद कोपऱ्यातल्या खोलीत पाठवला आणि दुसरं प्रूफ पुढ्यात ओढलं. एक अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग त्याच्या खोलीतून कपाटाचे खण ओढल्याचे आवाज यायला लागले. मग शांतता. मग तो दारात आला.

"जरा येता?"

खोलीत जमिनीवर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर तीच होती. अठ्ठेचाळीस वेळा. तीच खुर्ची, तोच राखी स्वेटर. त्याने ते महिन्यांच्या क्रमाने मांडले होते. पहिल्या फोटोत ती हसू दाबत होती, ते आता उघड दिसत होतं. नंतरच्या कित्येक फोटोंत बट नीट कानामागे, आणि डोळ्यांत असं काही, की तिने पटकन दुसरीकडे पाहिलं. आणि शेवटचे तीन. स्वेटर खांद्यावरून घसरायला आलेला. चेहरा उतरत उतरत गेलेला.

"हे तीन वेगवेगळे कॅमेरे आहेत," तो हळू म्हणाला. "तिन्हींना मी हाच दोष लावला. एकाला 'रंग फिके' म्हटलं, एकाला 'उजेड कमी पकडतो'... तिघांनाही मी खोटं ठरवलं. मला एकदाही वाटलं नाही की—" तो थांबला. "काय झालंय?"

तिने सांगितलं. बाबांचं. मोरीतल्या नळाचंही सांगितलं आणि अंगठ्याचंही. दादाकडे जायचं ठरलंय तेही सांगितलं. "या महिनाअखेरीला. सहा तासांचा प्रवास आहे. बाबांना नीट बसता येत नाही, मागच्या सीटवर त्यांना धरून बसावं लागेल, पण जाऊ हळूहळू." मग तिने ओठ घट्ट मिटले आणि ते वाक्य ऐकायची तयारी केली.

तो काही बोललाच नाही. नव्या नमुन्याबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. त्याने खाली वाकून शेवटचा फोटो उचलला आणि तो हातात धरून उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. "पाचला पान जायचंय," ती म्हणाली आणि बाहेर आली.

साडेचारला सुधारलेलं प्रूफ आलं. चकत्यांशी खेळणं दोषांतून उठून गुणांत गेलं होतं, थेट पहिल्या क्रमांकावर : 'चकत्या बोटांना कळतात. ज्याचा हात नीट चालत नाही, त्याच्याही.'  मग तिची नजर खाली दोषांवर गेली. चौथ्या दोषाच्या जागी, बरोबर तेवढ्याच चार ओळी भरतील असा मजकूर होता :

'चेहऱ्याबाबतचा दोष मागे घेत आहे. कॅमेरा खरा होता, सावल्या होत्या. या चेहऱ्यावर माझं चार वर्षं प्रेम आहे हे मला आज दुपारी कळलं, आणि तो चेहरा दुःखात असताना मी यंत्र तपासत बसलो. हा दोष परीक्षकाचा आहे.'

मांडणीवाला मान लांब करून तिच्या खांद्यावरून वाचू पाहत होता. तिने कागदावर हात ठेवला.  हे छापलं असतं तर गावोगावच्या कॅमेरावाल्यांनी चहा पितापिता वाचलं असतं. आणि तिच्या वाट्याला काय, तर छापलेलं अक्षर? ते तर ती आयुष्यभर वाचत आली होती. तिने चारही ओळींवर एक सरळ लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं : लेखकास... हे छापू नये. तोंडी सांगावे.

तो आला. कागद हातात, चष्मा कपाळावर. मांडणीवाल्याने एकदम पट्टी शोधायला टेबलाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ ते वर काढलं नाही. शहाणा माणूस.

"तोंडी मला... जमत नाही," तो म्हणाला. "मी लिहिणारा माणूस आहे."

"मग राहू द्या."

"नाही. थांबा." त्याने कागद टेबलावर ठेवला. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. शब्द जुळवत होता, मोडत होता. बाहेर पाऊस वाढला होता आणि खालच्या छापखान्याची घरघर जमिनीतून येत होती. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. मध्ये काच नव्हती, काही नव्हतं. बराच वेळ पाहिलं, आणि जे लिहून आणलं होतं त्यातलं काहीच त्याच्या तोंडून आलं नाही.

"किती थकलीयस गं तू," तो म्हणाला.

तीन महिन्यांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. बाबा कसे आहेत, असं सगळ्यांनी विचारलं होतं. ती टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. आवाज दाबला नाही, नळ सोडला नाही. तो शेजारी उभा राहिला, मग खाली वाकला, मग त्याने तिच्या केसांवर हात ठेवला. पेन्सिलीशिवाय तो पहिल्यांदाच.

"जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"म्हणूनही उपयोग नाही." तिने नाक पुसलं. "मला जायलाच हवं. बाबांचं तिथे सगळं होईल. आणि तुझं इथे."

"हो."

"मग?"

"माहीत नाही. सहा तास म्हणजे लांब आहे. त्याचे गुण अजून सापडले नाहीत."

"नसतीलच," ती म्हणाली. एवढ्यात खालून निरोप आला, पान कुठे आहे, पाच वाजले. त्या चार ओळींच्या जागी त्याने उभ्याउभ्या बॅटरीचा दोष लांबवून लिहिला. तिने तो तपासला, दोन वेलांट्या सुधारल्या, आणि कोपऱ्यात सही करून पान खाली पाठवलं.

महिनाअखेर आली ती पाऊस घेऊनच. घर आवरलं, सामान दादाच्या गाडीच्या टपावर ताडपत्रीत बांधलं. दादा आणि शेजारच्या काकांनी बाबांना उचलून मागच्या सीटवर बसवलं, आणि ते एका अंगाला कलंडले. ती त्यांच्या शेजारी शिरणार एवढ्यात फाटकापाशी छत्री दिसली. छत्रीखाली तो. हातात एक लहानशी पिशवी, कॅमेरा कुठेच नाही.

"मी बसतो मागे," तो म्हणाला.

"अरे, सहा तास आहेत! तुला परत कसं—"

"रात्रीची बस आहे. चौकशी केलीय." मग दादाकडे वळून म्हणाला, "मी यांच्या कचेरीतला. मी धरतो बाबांना. हिला पुढे बसू द्या."

दादाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुढचं दार उघडलं. तो मागे शिरला. बाबांच्या पाठीमागून हात घालून त्याने त्यांना स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं. बाबा वाकड्या झालेल्या तोंडाने काहीतरी म्हणाले. "हो," तो म्हणाला, "तोच मी. कॅमेरेवाला."

गाडी निघाली. ती मागे वळून बघणार होती, पुष्कळ काही बोलणार होती. सहा तास तर होते हातात, त्यानंतर कधी भेट होईल कुणास ठाऊक. काचेवर पाऊस वाजत होता, वायपर इकडून तिकडे जात होता. मागे बाबा पडणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुसऱ्या कुणाच्या हातात होतं. शहराची वेस ओलांडायच्या आत तिचे डोळे मिटले.

पुढचं तिला नंतर दादाने सांगितलं. वाटेत दोनदा थांबलो, तरी तू उठली नाहीस. तुझ्या त्या कॅमेरेवाल्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण त्याने हात काढला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, तुझी वहिनी दारात उभी दिसली, तेव्हा मी मागे बघून विचारलं, "उठवू का हिला?"

त्याने घड्याळात पाहिलं. त्याची बस सुटायला अर्धा तास उरला होता.

"नको," तो हळूच म्हणाला. "अजून एक चक्कर मारून या."

आणि दादाने गाडी दारावरून तशीच पुढे नेली.